कडेवरचे लेकरू कोणाच्या हजेरीपटावर?

गेल्या काही महिन्यांत मजुरांच्या आयुष्यावर थेट परिणाम करणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्र सरकारने चार श्रम संहिता लागू केल्या. त्यानंतर महिनाभरातच, डिसेंबर 2025 मध्ये, संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. 100 ऐवजी 125 दिवस काम, खर्चाचा 60:40 वाटा, राज्यांवर वाढलेला बोजा यावर भरपूर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. पण या सगळ्या चर्चेत एक माणूस कुठेच नव्हता. तो बोलत नाही, त्याला मत नाही, त्याचे जॉब कार्ड निघत नाही. तो आईच्या कडेवर असतो.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही मजूर टोळीकडे पाहा. पहाटे मालवाहू गाडीत दाटीवाटीने बसून परगावी रोवणीला निघालेल्या बाया असोत, नाहीतर तेलंगणाकडे मिरची तोडायला निघालेली कुटुंबे असोत, त्यांच्यासोबत लेकरे असतातच. ठेकेदाराच्या वहीत बाईचे नाव असते, लेकराचे नसते. सरकारच्या नोंदीत लेकराचे नाव गावच्या अंगणवाडीत असते, पण लेकरू तिथे नसते. दोन नोंदींच्या मधल्या या फटीत हजारो मुलांचे बालपण जाते. म्हणून प्रश्न साधा आहे. आई कामासाठी रस्त्यावर उतरली की तिच्या लेकराला सांभाळण्याची जबाबदारी कोणाची? आणि त्याची किंमत आज कोण मोजत आहे?

आपल्या जिल्ह्याचे वर्षाचे गणित

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सव्वातेरा लाखांच्या आसपास. त्यात अनुसूचित जाती सुमारे 13 टक्के आणि आदिवासी सुमारे 16 टक्के. शेती मुख्यतः धानाची आणि मोठा भाग पावसावर किंवा मामा तलावांवर अवलंबून. म्हणजे कामाचे दिवस मोजके आणि एकाच वेळी येणारे.

जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि मळणी. त्यानंतर ज्यांच्याकडे उन्हाळी धानासाठी पाणी नाही त्यांच्या गावात काम संपते. मग जानेवारीपासून मिरचीतोड सुरू होते. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरमधल्या टोळ्या खम्मम, वारंगळ, मुलुगूच्या भागात जातात. कोणी नागपूरच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर, कोणी नागपूर-हैदराबादच्या बांधकामांवर जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. मग पुन्हा पाऊस, पुन्हा रोवणी.

या कॅलेंडरमध्ये एक गोष्ट नीट दिसते. बाईच्या कामाचा जवळजवळ प्रत्येक हंगाम घरापासून दूर आहे. रोवणीला पाच-दहा किलोमीटर, तेंदूला जंगलात, मिरचीला शेकडो किलोमीटर. रोवणीचा हुंडा घेतला की वेळेचे बंधन राहत नाही, बांधी संपेपर्यंत काम चालते. अशा वेळी सहा महिन्यांचे लेकरू घरी ठेवता येत नाही, कारण त्याला पाजायचे असते. दोन वर्षांचे ठेवायचे तर सासू स्वतःच मजुरीला जाते. एकत्र कुटुंबात म्हातारी माणसे नातवंडांना सांभाळतात हे चित्र शेतमालकाच्या घरात खरे असेल. भूमिहीनाच्या घरात साठीची म्हातारीही चिखलात उभी असते.

वजनावरची मजुरी आणि आईचे दूध

मिरचीतोडीत बहुतेक वेळा मजुरी तोडलेल्या मालाच्या वजनावर ठरते. तेंदूत पुड्यांच्या मोजणीवर. वरवर पाहता हा न्याय वाटतो. जितके काम तितका दाम. पण लेकुरवाळ्या बाईसाठी या हिशोबात एक खड्डा आहे.

समजा, आठ तासांच्या दिवसात लेकराला पाजणे, निजवणे, शी-शू काढणे, रडल्यावर झोळीपर्यंत जाऊन येणे यात दोन तास गेले. म्हणजे तिच्या मजुरीचा चौथा हिस्सा गेला. हा हिस्सा कोणी कापला नाही, कोणत्याही पावतीवर तो दिसत नाही. संध्याकाळी काट्यावर फक्त इतकेच दिसते की तिची गोणी हलकी भरली. टोळीत तिची ओळख 'सावकाश तोडणारी' अशी होते आणि पुढच्या वर्षी ठेकेदार म्हणतो, लेकरू मोठे झाल्यावर ये.

आता हाच हिशोब टोळीचा करून पाहू. टोळीत अशा आठ आया असतील तर रोज सोळा तासांचे काम बुडते. म्हणजे दोन पूर्ण मजुऱ्या. त्याच ठिकाणी एक बाई मुलांना सांभाळायला नेमली आणि तिला एक पूर्ण मजुरी दिली, तर पाजण्याचा वेळ सोडूनही मोठा वेळ वाचतो. म्हणजे पाळणाघर परवडत नाही हे म्हणणे हिशोबाने टिकत नाही. ते उभे राहत नाही, कारण बुडालेल्या दोन मजुऱ्या आयांच्या खिशातून जातात आणि सांभाळणाऱ्या बाईची एक मजुरी मालकाच्या खिशातून जाणार असते. समाजशास्त्रात याला काळजीचे श्रम म्हणतात. आपल्या गावच्या भाषेत सांगायचे तर लेकरू सांभाळणे हे कामच आहे, फक्त त्याचा रोज कोणी देत नाही.

शिवाय मिरचीचे शेत म्हणजे काय ते तोडणाऱ्यालाच ठाऊक. दिवसभर मिरची हाताळलेले हात कितीही धुतले तरी आग होते. त्याच हातांनी लेकराला घ्यायचे, डोळे पुसायचे, पदराखाली घ्यायचे. वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका, फवारणीचा वास, ऊन आणि पालात पाणी मोजके. गावातल्या बाया सांगतात की परत आल्यावर पहिले काही दिवस लेकराचा खोकलाच थांबत नाही. हे कोणत्याही अहवालात सापडणार नाही, पण गावच्या आशाताईला विचारा, ती सांगेल.

थोरली बहीण नावाचे पाळणाघर

मग यावर उपाय म्हणून घरातलीच एक व्यक्ती कामाला लावली जाते. आठ-दहा-बारा वर्षांची थोरली मुलगी. ती 'मजूर' म्हणून जात नाही, 'लेकरू धरायला' जाते. 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. पण झोळीची दोरी हलवणारी, भात शिजवणारी, भावाला कडेवर घेऊन धुऱ्यावर बसणारी मुलगी बालमजूर ठरत नाही. ती 'घरकामात मदत' करते. शाळेच्या हजेरीत ती फक्त गैरहजर असते.

शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार तिला जिथे असेल तिथल्या शाळेत वयानुसार वर्गात बसण्याचा अधिकार आहे. पण जानेवारीत मराठी शाळेतून निघालेल्या मुलीला तेलंगणाच्या खेड्यात तेलुगू शाळा मिळणार. आणि ती शाळेत गेली तर लेकरू कोण धरणार? म्हणजे थोरलीचा शाळेचा प्रश्न हा मुळात धाकट्याच्या पाळणाघराचा प्रश्न आहे. आपण 'मुलींची गळती' म्हणून शिबिरे घेतो, सायकली वाटतो, पण तिच्या कडेवर काय आहे ते पाहत नाही. झोळीजवळ मोठे माणूस बसवा, मुलगी आपोआप शाळेत जाईल.

2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातली एक 12 वर्षांची मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या शेतातून पायी घरी निघाली होती. तीन दिवस चालून गाव जवळ आले असताना तिने जीव सोडला. देश हळहळला. पण ती मुलगी त्या शेतात का होती, हा प्रश्न टाळेबंदीबरोबरच विरून गेला. त्याच वाटांनी आपल्या जिल्ह्यातली कुटुंबेही तेव्हा परतत होती. पुढच्या हंगामात त्याच वाटांनी पुन्हा गेली.

कायदा आहे, पण त्याचा उंबरठा उंच

मजूर आईच्या लेकराचा विचार कायद्याने केलाच नाही असे म्हणता येणार नाही. इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा 1996 नुसार 50 हून अधिक स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली द्यायची होती. प्रसूतिलाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची रजा दिली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. नव्या संहितांमध्येही पाळणाघराची तरतूद आहे आणि आकडा पुन्हा पन्नासच्याच आसपास फिरतो.

आता हा पन्नासचा आकडा आपल्या टोळीला लावून पाहा. मिरचीच्या एका शेतात वीस-तीस माणसे असतात. वीटभट्टीवर दहा-पंधरा कुटुंबे. बांधकामावर माणसे जास्त असली तरी ती चार ठेकेदारांत विभागलेली. कोणत्याच वहीत पन्नास भरत नाहीत. कारखान्याची भिंत डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला कायदा धुऱ्यापर्यंत पोहोचत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा 1979 पाच मजुरांपासून लागू होत होता. नव्या संहितेत तो आकडा दहा झाला आणि जुन्या कायद्यातला विस्थापन भत्ता गेला. प्रवासभाड्याची तरतूद राहिली, पण ती मागायची कोणाकडे? टोळी नेणारा अनेकदा गावातलाच, नात्यातलाच माणूस असतो. कागदावर ठेकेदारच नसतो.

या सगळ्यात एकच कायदा असा होता की ज्याचा उंबरठा मजूर आईला ओलांडता येत होता. तो म्हणजे रोजगार हमी. कामावर आलेल्या बायांसोबत पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईची नेमणूक करायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, ही तरतूद मनरेगाच्या अनुसूचीत स्पष्ट होती. पन्नास नाही, पाच. आणि पाच मजूर नाही, पाच लेकरे. लेकरांना मोजणारा हा दुर्मीळ कायदा. महाराष्ट्रात 2025-26 साठी मनरेगाची मजुरी दिवसाला 312 रुपये होती, म्हणजे तेवढ्या खर्चात एका कामावरचे पाळणाघर चालू शकत होते. पण किती गावांत रोजगार सेवकाने हजेरीपटावर 'मुले सांभाळणारी' म्हणून एक नाव लिहिले? तुमच्या गावात लिहिले का, ते जुने हजेरीपट काढून पाहा. मी ज्या गावांत काम करते तिथे बायांना ही तरतूद असल्याचेच माहीत नव्हते. अंमलबजावणी कुठे अडली याचे उत्तर त्यातच आहे. ज्याची मागणी होत नाही ते दिले जात नाही.

आता नव्या कायद्याकडे या नजरेने पाहू. 125 दिवस मिळाले तर चांगलेच आहे. पण त्यातच अशीही तरतूद आहे की पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात, वर्षात एकूण 60 दिवसांपर्यंत, योजनेची कामे बंद ठेवायची, म्हणजे शेतीला मजूर मिळतील. आपल्याकडे याचा अर्थ रोवणी आणि कापणी. म्हणजे ज्या काळात आईला सर्वांत जास्त काम असते आणि लेकराला पावसाचिखलात सर्वांत जास्त धोका असतो, त्याच काळात तिला सरकारी कामाचा पर्याय नाही. ती जाईल ती खासगी शेतावर, जिथे पाळणाघराचा कोणताच कायदा लागू नाही. राज्य सरकारला या कायद्याखाली आपली योजना तयार करायची आहे. मुले सांभाळणाऱ्या बाईची नेमणूक आणि मजुरी त्या योजनेत ठळकपणे राहील की नाही, यावर लक्ष ठेवण्याची हीच वेळ आहे.

नाव गावात, लेकरू रानात

सरकारकडे योजनांची कमतरता नाही. अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकरवर असते आणि कुटुंब दुसरीकडे गेले तर नोंद तिकडे वळवण्याची सोय त्यात आहे. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे आपल्या कार्डावरचे धान्य दुसऱ्या राज्यातही घेता येते. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी एमटीएस नावाची प्रणाली आणली. शाळेसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मिशन शक्तीखालच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते, सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी.

मग अडते कुठे? पहिली अडचण वेळेची. अंगणवाडी दुपारी सुटते, आई अंधार पडल्यावर येते. दुसरी वयाची. अंगणवाडीत बसवतात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, बसायला जागा मिळत नाही. आणि कडेवर असते ते नेमके हेच वय. तिसरी अडचण सर्वांत मोठी. या सगळ्या सोयी मागितल्यावर मिळणाऱ्या आहेत. निघताना अंगणवाडी सेविकेला सांगा, तिथे गेल्यावर तिथल्या सेविकेला भेटा, तेलुगूत बोला, आधार दाखवा. दुसऱ्याच्या शेतात पालाखाली राहणारी आई हे करेल अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे योजना न देण्याचीच एक सभ्य रीत आहे.

एकच कृती, दोन नजरा

डिसेंबर 2022 मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या. सगळ्या वाहिन्यांनी कौतुक केले. विधानभवनात हिरकणी कक्ष उभा राहिला. पुढे मुंबईच्या अधिवेशनात त्या कक्षाच्या दुरवस्थेवर त्यांनी आवाज उठवला तेव्हा त्याचीही बातमी झाली. त्यांनी केले ते योग्यच केले. आईपण आणि सार्वजनिक काम एकत्र चालू शकते हे त्यातून राज्याला दिसले.

पण त्याच नागपूरपासून काही तासांवर रोवणीच्या चिखलात उभी असलेली आई तेच करते तेव्हा तिला काय ऐकावे लागते? 'लेकराला कशाला आणले?', 'यांना मुलांची काळजीच नाही.' माझाही अनुभव वेगळा नाही, फक्त बाजू वेगळी आहे. माझी मुलगी दोन-तीन वर्षांची असताना मी तिला घेऊन गावोगावी बैठकांना जात असे. एसटीत लोक जागा द्यायचे, गावात कोणी दूध आणायचे, म्हणायचे, 'मॅडम किती धडपड करतात.' त्याच बैठकीला दोन लेकरे घेऊन आलेल्या मजूर बाईला मात्र 'पोरं बाहेर घेऊन जा, आवाज होतो' असे सांगितले जायचे. आम्हा दोघींची कृती एकच होती. फरक होता तो पायातल्या चपलेचा, हातातल्या फाईलचा आणि समाजाने आधीच ठरवलेल्या किमतीचा. आपल्या चळवळीतल्या सभाही याला अपवाद नाहीत, हे मान्य करायला हवे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कसा पाहिला

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला बालपणीचा प्रवास आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला आहे. सन 1901 च्या सुमारास लहानगा भीमराव साताऱ्याहून वडिलांना भेटायला घरच्या मुलांसोबत निघतो. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळताच गाडीवाले बसवून घ्यायला तयार नाहीत. दुप्पट पैसे देऊन, गाडी स्वतः हाकत प्रवास आणि सोबत जेवण असूनही पाण्याअभावी उपाशी रात्र. आपण हा प्रसंग अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो आणि तो आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपले लक्ष जात नाही. वडील तिथे का होते? खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकार तलाव बांधत होते, तिथे रामजीबाबा खजिनदार होते. मुले साताऱ्याला, वडील कामावर. म्हणजे आजच्या भाषेत रोजगार हमीच्या कामावर असलेल्या बापाला भेटायला निघालेल्या मुलांचा तो प्रवास होता. रस्त्यावर एकट्या पडलेल्या लेकराची जबाबदारी कोणाचीच नसते, हे बाबासाहेबांनी पुस्तकात वाचले नव्हते.

म्हणूनच 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना त्यांची भूमिका स्पष्ट होती. आईला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणे हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही उचलला पाहिजे. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभ कायद्यातही दुरुस्ती आणली. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार स्त्रियांच्या हक्कांचे ठराव झाले. आपल्या विदर्भातल्या आया-आज्या त्या परिषदेला गेल्या होत्या. त्यांच्या कडेवरही लेकरे असणार.

या भूमिकेचा गाभा एकच आहे. लेकरू ही आईची खासगी अडचण नाही. तिच्या श्रमावर ज्याचे शेत पिकते, ज्याची इमारत उभी राहते, तो समाज त्या लेकराचा देणेकरी आहे.

विहाराचे दार दिवसा का बंद?

आता आपल्या दाराशी येऊ. जिल्ह्यात जिथे बौद्ध वस्ती तिथे बुद्धविहार. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत चालतो. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. आणि नेमकी आषाढ-श्रावणातच रोवणी असते. म्हणजे ज्या तीन महिन्यांत विहार सर्वाधिक जागा असतो, त्यातले पहिले दीड-दोन महिने लेकरे धुऱ्यावर भिजत असतात. दिवसभर विहाराला कुलूप. पक्के छत, फरशी, नळ, वीज, सगळे आत. आणि संध्याकाळी वाचनाला कोण बसते? म्हातारी माणसे, नोकरदार घरातल्या काही बाया आणि आपण कार्यकर्ते. रोवणीची बाई तेव्हा चूल पेटवत असते.

आळवीच्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी धम्म ऐकायला आलेल्या त्या माणसाला तथागतांनी आधी जेवू घालायला सांगितले, मग उपदेश केला. भुकेल्याला धम्म कळत नाही हे त्यांना कळत होते. थकलेल्या, लेकराच्या चिंतेत असलेल्या आईलाही तो कळणार नाही.

म्हणून येत्या वर्षावासासाठी माझी सूचना आहे. रोवणीच्या महिन्यात सकाळी सात ते संध्याकाळी सहा विहार मुलांसाठी उघडा. गावातल्या दोन बाया सांभाळायला. त्यांना मानधन, 'सेवा' नव्हे. बाईने मुले सांभाळायची आणि तीही फुकट, ही चूक आपणच पुन्हा केली तर मालकात आणि आपल्यात फरक उरणार नाही. पैसे वर्गणीतून, जयंतीच्या डीजेच्या खर्चातून, नोकरदार समाजबांधवांच्या मदतीतून. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंशी बोलून आहार व तपासणीची सांगड घाला. आणि दार सगळ्यांसाठी उघडे ठेवा. गोंड, हलबी, पोवार, कुणबी, ज्याचे लेकरू भिजत असेल त्याच्यासाठी. जातीचा दाखला पाहून झोळी बांधायची नसते.

काही जण म्हणतील, यामुळे सरकारची जबाबदारी आपण अंगावर घेतो. हा आक्षेप खरा आहे, म्हणून दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे. विहारात येणाऱ्या मुलांची वही ठेवा. नाव, वय, आई कोणत्या कामावर, किती तास. महिनाभराची ही वही म्हणजे गावातल्या पाळणाघराच्या गरजेचा पुरावा. ती घेऊन 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उभे राहा आणि ठराव मांडा. गावच्या अंगणवाडीला पाळणाघर जोडा. रोजगार हमीच्या प्रत्येक कामावर मुले सांभाळणारी बाई हजेरीपटावर घ्या. राज्याच्या नव्या योजनेत ही तरतूद ठेवा. परराज्यात जाणाऱ्या कुटुंबांची, लेकरांसह, ग्रामपंचायतीत नोंद करा आणि निघण्याआधी पोषण ट्रॅकरवर नोंद वळवून द्या. गावातल्या शिकलेल्या तरुणांनी हे मोबाईलवरचे काम करून द्यायला एक संध्याकाळ पुरते.

काही विहार समित्या म्हणतील, लहान मुले घाण करतील, पावित्र्य राहणार नाही. त्यांना एवढेच विचारा, शिवाशिवीने ज्यांना पाणी नाकारले त्यांच्या नातवंडांनी कोणत्या पावित्र्याच्या नावाने दार लावायचे? फरशी पुसता येते.

मिरचीची टोळी आत्ता तेलंगणात आहे. ती परत येईल, मग तेंदू, मग पाऊस. तोवर आपल्याकडे काही महिने आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक ओळ लिहा: विहाराची किल्ली दिवसा कोणाकडे? उरलेली चर्चा त्या ओळीतून आपोआप सुरू होईल.

जय भीम.